पक्षी-चौकीचं पहिलं वर्ष

पहिला हंस माझ्या हातात मेला, तेव्हा त्याच्या चोचीतून फेस येत होता आणि डॉक्टर सुईत औषध भरता भरता मला सांगत होते, "मान वर धरा, बाई. खाली सोडू नका." मी मान वर धरली. त्याचे पंख एकदम ताठ झाले, माझ्या पोटावर दोन फटके बसले, आणि मग त्या मानेत काही उरलं नाही. ओल्या टॉवेलसारखी ती माझ्या मनगटावरून लोंबायला लागली.

काठावर आणखी बरेच होते. काही चिखलात चोच खुपसून पडलेले, काही एकच पंख मारत जागच्या जागी गोल फिरत होते. डॉक्टरांनी मेलेल्या एकाच्या गळ्याखालची पिशवी चाकूने चिरली. आत ज्वारी ठासून भरलेली. डाळिंबाच्या बागेत फवारणी चालली की रस्त्यावरूनसुद्धा नाकाला झोंबतो, तोच वास त्या दाण्यांना येत होता.

"हे कुणीतरी पसरलंय," डॉक्टर म्हणाले. "मुद्दाम."

आमची चौकी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

मी सोलापुरात एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या बदलीच्या काळात त्यांनी आमच्या वाड्यावरच्या मेंढरांना सुया टोचल्या होत्या, तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी मंद्रूपच्या पुढच्या एका तलावावर, एका रविवारी, गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक म्हातारा भेटला आणि बोलता बोलता ओळख निघाली. तेव्हापासून आम्ही दोघं दर रविवारी पक्षी मोजत आलो.

समुद्र आमच्यापासून किती लांब. तरी समुद्रकाठचे पक्षी आमच्याकडे येतात. दिवाळीनंतर पाणी मागे सरतं, चिखल उघडा पडतो आणि त्यावर इवलेसे तुतवार पळायला लागतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंस. हे सगळं कुणीतरी रोज, एकाच जागेवरून, एकाच रीतीने लिहून ठेवायला हवं, असं डॉक्टरांना फार वाटायचं. बांधाच्या टोकाला पाटबंधाऱ्याच्या राखणदाराची जुनी चौकी ओस पडली होती. दोन खोल्या, वर पत्रा. ती मिळावी म्हणून वर्षभर ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. तिथल्या साहेबांनी एकदा विचारलं, "पक्षी मोजून काय करणार?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पाणी मोजता की. तसंच." कशामुळे ते माहीत नाही, पण त्यानंतर पत्र मिळालं.

एका खोलीत स्टँडवरची दुर्बीण आणि नोंदवह्या, दुसरीत आजारी पक्ष्यांसाठी खोकी. दारावर मी स्वतः रंगाने 'पक्षी निरीक्षण केंद्र' लिहिलं. गावाने त्याचं 'पाखरांची चौकी' केलं, आणि आम्हीही तेच म्हणायला लागलो.

तलावाकाठच्या त्या गावातला एक माणूस हमरस्त्यावर ढाबा चालवायचा. चाळिशीचा, अंगाने भरलेला, हसरा. चौकी उघडली तेव्हा थर्मासमधून चहा घेऊन स्वतः भेटायला आला होता. जाताना म्हणाला, "मॅडम, पाखरं मोजा की, आमची काय हरकत न्हाय. पर आमची जाळी मोजू नका."

त्याच्या ढाब्यावर 'पाणकोंबडी' मिळते हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. त्याची दोन माणसं पहाटे उथळ पाण्यात नायलॉनचं जाळं लावत. मोठा थवा उतरला की विषाचे दाणे टाकत, आणि पक्षी पुरता मरायच्या आत आतडी काढून टाकत. आम्ही तक्रार केली. वनरक्षक आला, पंचनामा झाला, मेलेले हंस पोत्यात भरून नेले. ढाब्यावर काही सापडलं नाही. सापडणार तरी कसं? गाडी यायच्या आधी बातमी पोचली होती.

तीन आठवड्यांनी, संक्रांत उलटून गेल्यावर, एका सकाळी बांधावरून चालताना तो आवाज ऐकू आला. वाळलेली तुरकाठी मोडावी तसा. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्. पाण्यावर धुकं होतं म्हणून दिसायला वेळ लागला. दोन माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जाळ्यातून चक्रवाक सोडवत होती, आणि काठावर ढाबेवाला स्वतः बसला होता. प्रत्येक पक्षी हातात आला की तो त्याचे दोन्ही पंख खांद्यापासून पिळायचा, उडू नये म्हणून, आणि जिवंतच पोत्यात टाकायचा. पोतं हलत होतं.

डॉक्टर बुटांसकट पाण्यात शिरले आणि चाकूने जाळं कापायला लागले.

"ओ डॉक्टर! माझं जाळं हाय ते."

"जाळं तुझं असेल. पाखरं तुझी नाहीत."

"लांब व्हा म्हन्तोय."

डॉक्टर कापत राहिले. ढाबेवाल्याने काठच्या चिखलात उभं राहून शेजारच्या तराफ्यावरचं लांब वल्हं उचललं आणि त्यांच्या खांद्यावर घातलं. सत्तरीचा माणूस. काहीतरी मोडल्याचं मला काठावर ऐकू आलं. डॉक्टर पाण्यात बसले, गळ्यापर्यंत.  त्याने वल्हं पुन्हा वर घेतलं.

माझ्या हातात काठी होती. कुत्र्यांसाठी आणि सापांसाठी मी ती नेहमी बाळगायची. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं की लांडगा आला तर डोक्यावर मारायचं नाही, तो घाव चुकतो. पायावर मारायचं, खालून, आडवं. मी खालून, आडवं मारलं. त्याचा गुडघा आत वळला आणि तो चिखलात पडला.

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. पहिला घाव डॉक्टरांसाठी होता. दुसरा त्या हंसांसाठी होता, असं म्हणता येईल. पुढचे कुणासाठी होते, ते मला सांगता येत नाही. त्याच गुडघ्यावर, त्याच जागी. तो आईला हाका मारत होता आणि मला बरं वाटत होतं. अंगातून काहीतरी मोकळं होत होतं. वर्गात मुलांना मी कधी पट्टीसुद्धा लावली नव्हती.

"बाई, बास!" डॉक्टर पाण्यातून ओरडले. "मरेल तो! बास!"

मी थांबले. ती दोन माणसं जाळं टाकून पळून गेली होती. ढाबेवाल्याच्या पँटमधून हाडाचं टोक वर आलं होतं. 

डॉक्टर काठावर आले, डाव्या हाताने उजवा खांदा धरून. त्यांनी आधी पोतं उलटं करायला लावलं. मग म्हणाले, "दुर्बिणीचं स्टँड आणा. पाय सरळ बांधायचाय." त्यांचं स्वतःचं हाड मोडलेलं, पण ते त्या माणसाजवळ गुडघ्यावर बसून मला सांगत होते, इथे बांधा, इतकं घट्ट नको, रक्त अडेल. मी ज्याला मारलं त्याच्या पायाला माझीच ओढणी फाडून बांधली. तो माझ्या तोंडावर थुंकला.

डॉक्टरांची जुनी जीप मी चालवली. पुढे डॉक्टर, मागे तो आडवा. प्रत्येक खड्ड्याला दोघंही कण्हायचे. सोलापुरात शिरल्यावर एक ओळखीचा शिक्षक सिग्नलला शेजारी थांबला आणि काचेतून हसून हात करून गेला. माझ्या हातांना कोपरापर्यंत रक्त होतं, ते त्याला दिसलं नसावं.

सरकारी दवाखान्यातून मी थेट ठाण्यात गेले. लिहिणारा हवालदार वयस्कर होता. सगळं ऐकून म्हणाला, "बाई, स्वसंरक्षण लिहू ना?"

"पहिला घाव तसा लिहा. बाकीचे नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "किती बाकीचे?"

"पाच असतील."

"कशाला सांगता हे सगळं?" तो खरोखर कळवळून म्हणाला. पण लिहिलं. दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले. माझ्या वकिलाने नंतर मला मूर्ख म्हटलं, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचं बरोबरच होतं. शाळेने चौकशी लावली. दीड महिना मला वर्गावर जाता आलं नाही.

जामीन झाल्यावर आठव्या दिवशी मी आणि डॉक्टर चौकीवर गेलो. त्यांचा हात गळ्यात बांधलेला. दार मोडलेलं होतं. दुर्बिणीची भिंगं दगडाने ठेचलेली. तीन महिन्यांच्या नोंदवह्या पाण्यात तरंगत होत्या, शाई उतरून पानं निळी झालेली. आणि मोडून लोंबलेल्या दारावर, मी रंगवलेल्या अक्षरांवर, एक चित्रबलाक ठोकला होता. मोठा करकोचा, गुलाबी पिसांचा. पंख पसरून, खिळ्यांनी. तो जिवंत होता. आम्ही जवळ गेलो तसं त्याने चोच उघडली, पण त्या जातीला आवाज नसतो. नुसती चोच वाजली.

मी पक्कडीने खिळे उपटले. चार होते. तो माझ्या मांडीवर आला तेव्हा त्याचं वजन जाणवलं, मेंढीच्या कोकरासारखं.

"वाचेल?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पंखाखाली बोट घालून पाहिलं. "नाही. सांधे गेलेत. तीन-चार दिवस काढेल, बस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला एका हाताने जमणार नाही."

मी धनगराची मुलगी आहे. मला जमतं. एका पिळात झालं. पंखाचा कट् आणि मानेचा आवाज फार वेगळा नसतो.

मला वाटलं होतं डॉक्टर आता म्हणतील, बंद करू या. ते उंबऱ्यावर बसले, खिशातून एक जुनी पावती काढली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर डाव्या हाताने वेडंवाकडं लिहायला लागले. तारीख, वेळ, वारा कुठून. "समोर शेकाटे किती दिसतात, बघा," म्हणाले. ते लांब लाल पायांचे पक्षी मी नुसत्या डोळ्यांनी मोजले आणि सांगितले.

माघात कहर झाला. आमच्याकडचे मेंढके तेव्हा रानं रिकामी झाली की कळप घेऊन पूर्वेकडे उतरतात. तलावाकाठच्या गाळाच्या जमिनीवर त्यांचे दोन वाडे, म्हणजे मुक्कामाचे तळ, बसले होते. दुपारी एक बाई रडत चौकीवर आली. "डॉक्टर हायेत का हितं? बकरी तडफडाय लागल्यात!"

काठावर बकऱ्या पाय झाडत होत्या. तोंडातून फेस. डॉक्टरांनी एकीची पापणी उघडून पाहिली आणि मला म्हणाले, "तेच." या वेळी विष मांसासाठी टाकलेलं नव्हतं. ढाबेवाल्याच्या धाकट्या भावाने आम्हाला धडा शिकवायला, चौकीसमोरचा सगळा काठ विषाच्या ज्वारीने भरून टाकला होता. डॉक्टर एका हाताने सुया टोचत राहिले, मी भरून देत राहिले. औषध संपलं तेव्हा निम्म्याहून जास्त बकऱ्या मेल्या होत्या. ती बाई एका पिलाला पोटाशी धरून बसली होती. पिल्लू गार झालेलं तिला कळत होतं, तरी ती त्याचे कान चोळत होती.

कुणी केलं हे कळायला वेळ लागला नाही. कुऱ्हाडी आणि काठ्या घेऊन वीसेक माणसं ढाब्याकडे निघाली.

"तुम्ही जा," डॉक्टर म्हणाले. "तुमची माणसं आहेत. तुमचं ऐकतील."

मला जायचं नव्हतं. हे मी खरं सांगते. मी तिथे उभी राहून विचार करत होते की जाऊ देत, होऊ दे काय व्हायचं ते. मग पुन्हा ते हाड आठवलं, पँट फाडून वर आलेलं. मी पळत सुटले.

भाऊ आधीच पसार झाला होता. ढाबेवाला मात्र मागच्या बाजूला बाजेवर होता, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. त्याला पळता येणार नव्हतं, ते माझ्यामुळे. त्याची म्हातारी आई दारात आडवी पडून कानडीत "बेडा, बेडा," नको, नको, म्हणून ओरडत होती. तिला ओलांडून माणसं आत शिरली आणि प्लास्टरच्या पायाला धरून त्याला बाजेवरून खाली ओढलं. तो किंचाळला. एकाने काठी उगारली. मी मध्ये शिरले आणि ती काठी माझ्या पाठीवर बसली. मागून एक दगड आला, भुवईवर. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि अर्धं जग लाल झालं.

"बाजूला व्हा, बाई! तुमास्नी काय पुळका आलाय त्याचा?"

"पुळका न्हाय," मी ओरडले. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडात माहेरची बोली आली. "ह्याचा पाय कुणी मोडला, ठाव हाय का? मी मोडलाय. ह्याच हातानं. आता तुमी काय मोडनार? मान?"

पुढे एक पागोटेवाला म्हातारा होता, हातात कुऱ्हाड. तो माझ्याकडे बघत राहिला. "सांगोल्याकडची न्हवं तू?"

"व्हय."

"मग आक्का, आमची बकरी कोन देनार?"

  मग म्हाताऱ्याने कुऱ्हाड फिरवली आणि बाजेच्या पायावर घातली. बाज मोडली. हे झाल्यावर बाकीच्यांनी सगळंच मोडलं. खुर्च्या, फ्रीज, काचा, चुली. मांडवाला आग लावली. मी, त्याची आई आणि तो, आम्ही तिघं मागच्या बाभळीखाली होतो. मी त्याला काखेत हात घालून ओढत आणलं होतं. धूर आमच्यावर येत होता. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याच्या आईने पदराने माझी भुवई दाबून धरली.

माणूस वाचला. ढाबा वाचला नाही. मी तो वाचवायचा प्रयत्नही केला नाही.

दोन दिवसांनी भाऊ स्वतःहून ठाण्यात हजर झाला. गावात सभा बसली. तिथे आमचं कुणी काही ऐकून घेतलं नाही, आणि ऐकावं असं आम्ही काही बोललोही नाही. बोलल्या त्या गावातल्या बायका. त्या काठावर कपडे धुतात, त्यांच्या कोंबड्या तिथे चरतात. एक बाई उठून म्हणाली, "आज बकरी मेली. उद्या लेकरू मरंल. पाखराच्या मटनापायी?" काठावर विष टाकणाऱ्याला गाव पोलिसात देईल, असं ठरलं. जाळ्यांचं काही ठरलं नाही. ते अजूनही पुरतं थांबलेलं नाही. पण आता मासेमारीच्या जाळ्यात अडकलेला पक्षी कोळी आम्हाला आणून देतात, कधी जिवंत, कधी नाही.

मेंढके दुसऱ्याच दिवशी वाडा उठवून गेले. त्या म्हाताऱ्याला मी नंतर शोधलं, भेटला नाही.

एका जुन्या विद्यार्थिनीने स्वतःची दुर्बीण पाठवली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा तलावाच्या मधलं वाळूचं बेट उघडं पडलं आणि त्यावर नदी सुरयांनी अंडी घातली. आमच्या नव्या वहीतली ती पहिली विणीची नोंद. पिल्लं बाहेर आली तशा घारी आल्या. रोज एक-दोन उचलायच्या. आई-बाप वरून सूर मारून घारीचं डोकं फोडायला बघायचे, तरी ती न्यायचीच. आम्ही काही केलं नाही. फक्त लिहिलं.

डॉक्टरांचा खांदा वाकडाच जुळला. उजवा हात छातीच्या वर जात नाही, म्हणून दुर्बीण धरता येत नाही. मी बघते आणि सांगते, ते लिहितात. चौकीला आता काही वर्षं झालीत. पुण्याकडची पक्ष्यांचा अभ्यास करणारी मुलं येतात, आमच्या वह्यांचे फोटो काढून नेतात. त्यांना मी हे सगळं सांगत नाही.

खटला अजून चालू आहे. मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर एकच जागा उरली होती, ढाबेवाल्याच्या शेजारी. मी उभीच होते. शेवटी तो थोडा सरकला. मी बसले. तो आता टेम्पोच्या धंद्यात हिशेब बघतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. अंगाने निम्मा झालाय. 

मग तो म्हणाला, "उकिडवं बसता येत न्हाय मला. पावसाळ्यात रात-रात ठणकतो."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"तुमाला म्हाईत असावं म्हनून सांगितलं," तो म्हणाला.

"बरं केलंत," मी म्हणाले. माफी मागावी असं वाटलं. मग वाटलं की डॉक्टरांचा खांदा आहे, ते दार आहे, त्या बकऱ्या आहेत, आणि माफीचा शब्द तोंडात आला नाही. त्यालाही काही ऐकायचं नसावं.

शिपायाने पुकारा केला. तो बाकाच्या हाताला धरून उठायला लागला. पहिल्यांदा जमलं नाही. मी हात पुढे केला. त्याने तो बघितला, घेतला नाही, आणि दुसऱ्या झटक्यात स्वतःच उठला. मग आम्ही एकामागोमाग आत गेलो आणि साहेबांनी पुढची तारीख दिली.